वैकुंठ, करार आणि मंडळी

नमस्कार मंडळी.

प्रत्येक भागाची सुरुवात मी याच दोन शब्दांनी करते, आणि त्यातल्या दुसऱ्या शब्दाकडे माझं कधी नीट लक्ष गेलं नव्हतं. मागच्या महिन्यात इथेच, जयलक्ष्मीपुरममध्ये, आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या नगरकडच्या एक ख्रिस्ती बाई भेटल्या. हसून म्हणाल्या, "अहो, तुम्ही रोज आमच्या चर्चलाच नमस्कार घालता की!" मला उलगडा व्हायला जरा वेळ लागला. मराठी प्रॉटेस्टंट लोकांत 'मंडळी' म्हणजे चर्च. विटामातीची इमारत नव्हे, तर श्रद्धेने एकत्र आलेली माणसं. वसईच्या कॅथलिकांना विचारा, ते 'ख्रिस्तसभा' म्हणतील. आणि आमच्या म्हैसुरात कन्नड बायबल उघडलं तर तिथे 'सभे' सापडेल.

तीन शब्द, आणि मूळ ग्रीक शब्द एकच: एक्लेसिया. गंमत अशी की त्या ग्रीक शब्दात धर्माचा वाससुद्धा नव्हता. अथेन्समध्ये नागरिकांची जी सभा भरायची, युद्ध करायचं की तह करायचा हे जिथे हात वर करून ठरायचं, ती एक्लेसिया. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांनी हा बाजारातला, राजकारणातला शब्द उचलला आणि आपल्या छोट्याशा घरगुती बैठकांना लावला. पुढे 1526 साली विल्यम टिंडेलने नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर छापलं, तेव्हा त्याने या शब्दासाठी रूढ 'चर्च' न वापरता 'जमाव, मंडळी' अशा अर्थाचा शब्द वापरला. थॉमस मोर त्याच्यावर तुटून पडला, कारण या एका शब्दाने पोप, बिशप, सगळी उतरंडच गळून पडत होती. टिंडेलला 1536 साली गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. त्यामागे कारणं अनेक होती, पण शब्दांची निवड हे त्यातलं लहान कारण नव्हतं. आपली 'मंडळी' टिंडेलच्या बाजूची आहे.

तर आज आपण या शब्दांविषयी बोलणार आहोत. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचं शास्त्र मराठीत कसं आलं, कोणी आणलं, आणि आणताना कुठला शब्द घेतला, कुठला टाळला. मला तीन माणसांबद्दल बोलायचं आहे, पण खरं सांगायचं तर दोघांबद्दल थोडं आणि एकीबद्दल पुष्कळ. ती एक म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा आपल्या म्हैसूरशी संबंध आहे, तोही सांगते.

आधी मूळ ग्रंथाबद्दल एक गोष्ट लक्षात घेऊ. येशू अरामी बोलत असे. शुभवर्तमानं लिहिली गेली ती मात्र ग्रीकमध्ये. म्हणजे ख्रिस्ती धर्माचा मूळ ग्रंथच एका अर्थाने भाषांतर आहे. मार्क तर मधेमधे 'एफ्फाथा'सारखा अरामी शब्द तसाच ठेवतो आणि लगेच वाचकाला त्याचा अर्थ सांगतो. कुराणाच्या बाबतीत अरबीला किंवा वेदांच्या बाबतीत संस्कृत उच्चाराला जे स्थान आहे, ते इथे कुठल्याच भाषेला नाही. म्हणून या ग्रंथाच्या इतिहासात भाषांतरकाराला इतकं महत्त्व येतं.

आणि ती ग्रीक कुठली? प्लेटोची नव्हे. पत्रं, पावत्या, सावकाराची देणी लिहायची साधी व्यवहाराची ग्रीक. ऑगस्टीन तरुणपणी वक्तृत्वशास्त्र शिकला होता, पुढे ते शिकवायचाही. सिसेरो वाचून त्याने हे ग्रंथ हातात घेतले तेव्हा त्याला ते अगदीच गावठी वाटले. तसं त्याने स्वतःच आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. पुढे बिशप झाल्यावर मात्र त्याने ख्रिस्ती शिकवणुकीवरच्या आपल्या ग्रंथात उलट बाजू मांडली: या साधेपणालाही स्वतःचं वक्तृत्व आहे, फक्त ते सिसेरोच्या मापाने मोजू नका. 1908 मध्ये आडोल्फ डाइसमान या जर्मन विद्वानाने इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांच्या आधारे एक मोठं पुस्तक लिहिलं. नव्या कराराची भाषा ही काही वेगळी 'पवित्र ग्रीक' नसून सामान्य माणसांची बोली आहे, हे त्याने दाखवलं. हे 1908 साल ध्यानात ठेवा. याच सुमारास पुणे जिल्ह्यात केडगावला एक बाई हेच ग्रंथ ग्रीक आणि हिब्रूतून मराठीत आणत होत्या.

पण त्याआधी तीनशे वर्षं मागे, गोव्याला जाऊ. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात उतरला आणि पुढची चाळीसेक वर्षं तिथेच, मुख्यतः साष्टीत, राहिला. त्याचं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. जवळजवळ 11,000 ओव्या. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. हे भाषांतर नव्हे. त्या काळी कॅथलिक चर्चला लोकभाषेत बायबल नकोच होतं. टिंडेलच्या मार्गाने जाणाऱ्यांची ती खूण झाली होती. पण पुराण सांगायला कोणाची मनाई असणार? नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं आणि पोथ्या सुटल्या होत्या, त्यांची जागा भरायची होती. स्टीफन्सने ओवी घेतली, मराठीची तोंड भरून स्तुती केली, आणि स्वर्गासाठी बेधडक शब्द वापरला तो 'वैकुंठ'.

इथे क्षणभर थांबा. वैकुंठ! ज्या माणसाला विष्णूची मूर्ती म्हणजे सैतानाचं काम वाटत होतं, त्याला विष्णूचं घर चाललं. मला हे वाचताना नेहमी वाटतं, की बाहेरून आलेल्या माणसालाच हे जमतं. त्याच्या कानाला तो शब्द फक्त 'वरचं सुखाचं स्थान' इतकाच ऐकू येतो. शेषशायी, लक्ष्मी, दारावरचे जय-विजय त्याच्या मनात उभे राहत नाहीत.

अर्थात हे काही त्याने शोधलेलं तंत्र नव्हे. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकांनीही अगदी हेच केलं होतं. 'शुभवर्तमान' ज्याचं भाषांतर आहे तो ग्रीक शब्द बघा. आशिया मायनरमध्ये प्रिएने इथे इसवी सन पूर्व 9 सालचा एक शिलालेख आहे. त्यात ऑगस्टस सम्राटाचा जन्म म्हणजे जगासाठी आनंदाच्या वार्तांचा आरंभ, असं म्हटलंय, आणि शब्द तोच. 'तारणारा' हा शब्द राजांना लावत, 'प्रभू' हा देवांना, सम्राटांना आणि गुलामांच्या मालकांनाही. योहान ज्या 'लोगोस'ने आपलं शुभवर्तमान सुरू करतो, तो तर हेराक्लिटसपासून स्टोइक तत्त्वज्ञांपर्यंत सगळ्यांनी हाताळलेला शब्द: बोल, हिशेब, तर्क, विश्वाचा नियम, सगळं त्यात आलं. लॅटिनमध्ये त्याचा 'वेर्बुम' झाला. 1519 मध्ये इरॅस्मसने त्याऐवजी 'सेर्मो', म्हणजे संभाषण, असं लिहिलं तर केवढा गहजब झाला! मराठीत 'शब्द' आला. आपल्याकडे भर्तृहरीच्या शब्दब्रह्मापासून संतांच्या वाणीपर्यंत या शब्दामागे इतकं काही आहे, की एखाद्या वारकऱ्याला योहानाची सुरुवात परकी वाटू नये.

विल्यम केरीकडे मी फार वेळ थांबणार नाही. तो महाराष्ट्रात कधीच आला नाही. बंगालमध्ये श्रीरामपूरला बसून त्याने मत्तयाचं शुभवर्तमान 1805 मध्ये आणि पूर्ण नवा करार 1811 मध्ये मराठीत छापला. मदतीला नागपूरकडचे वैजनाथ पंडित होते, ज्यांची पंचतंत्र आणि हितोपदेशाची मराठी रूपांतरंही नंतर तिथेच छापली गेली. मराठी छपाईच्या इतिहासात केरीचं नाव पक्कं आहे, पण भाषांतर इकडच्या लोकांना रुचण्यासारखं नव्हतं. मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागली. केरीची एकच गोष्ट सांगते. तो बॅप्टिस्ट होता. बंगाली भाषांतरात त्याने 'बाप्तिस्मा' हा ग्रीक शब्द तसाच न ठेवता 'बुडवणं' अशा अर्थाचा शब्द घातला, कारण मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ तोच आहे. डोक्यावर नुसतं पाणी शिंपडणाऱ्या इतर पंथांना ते कसं चालणार? पुढे लंडनच्या बायबल सोसायटीने यावरून हात आखडता घेतला. शेवटी मराठीत 'बाप्तिस्मा' हाच शब्द राहिला. अर्थ सांगितला तर भांडण होतं, म्हणून शब्द बंद डब्यातच ठेवलेला बरा, असाही एक भाषांतराचा प्रकार असतो.

आता रमाबाई.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पश्चिम घाटातले चित्पावन ब्राह्मण. पुण्याला शिकत असताना त्यांनी पेशव्यांच्या वाड्यात एका राणीला संस्कृत श्लोक म्हणताना ऐकलं आणि स्त्रीला संस्कृत शिकवायचं हे त्यांच्या मनाने घेतलं. नंतर ते इकडे म्हैसूरला आले आणि तिसऱ्या कृष्णराज वडेयरांच्या दरबारात त्यांना आश्रय मिळाला. म्हणजे ज्या शहरात बसून मी हे बोलते आहे, तिथेच या घराण्याला काही काळ चांगले दिवस आले. पुढे दुसऱ्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, ते संस्कृत शिकवू लागले. लोकांनी विरोध केला, पंडितांच्या सभेपुढे त्यांना आपली बाजू शास्त्राधाराने मांडावी लागली. वेद सोडून बाकी संस्कृत स्त्रीला शिकता येतं, हे त्यांनी तिथे सिद्ध केलं. मग घाटात, जिथे तुंगा आणि भद्रा उगम पावतात त्या गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम थाटला. तिथे 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म झाला. मुलीला शिकवलं ते आईने. भल्या पहाटे, घरकाम सुरू होण्याआधी.

पुढची कथा तुम्हाला माहीत आहे. कुटुंबाची गावोगाव पुराणं सांगत भटकंती, दुष्काळात आईवडील जाणं, भावाबरोबर कलकत्ता, आणि तिथे 1878 मध्ये 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या. 1882 मध्ये 'स्त्रीधर्मनीति', तेही संस्कृतप्रचुर मराठीत. 1883 साली इंग्लंडला वाँटेजच्या मठात बाप्तिस्मा. त्यानंतर चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या आणि स्वतः ग्रीक शिकू लागल्या होत्या.

या काळातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात एका क्रुसाचा वाद आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरं कोरलेली. रमाबाईंचं म्हणणं असं, की मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या लोकांनाही येत नाही, तर त्याजागी संस्कृत का नको? लॅटिन संस्कृतपेक्षा जास्त पवित्र आहे का? सिस्टरबाईंना हा हट्ट आणि गर्व वाटला. मला वाटतं प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर त्यांना कोणी दिलं नाही.

पण गंमत पुढेच आहे. 1885 च्या सुमारास क्रुसावर संस्कृत मागणारी ही बाई, पुढे वीस वर्षांनी स्वतः बायबल मराठीत आणायला बसली, तेव्हा तिने मुद्दाम टाळलं ते संस्कृत. जिथे साधा मराठी शब्द मिळेल तिथे तो. आणि विशेषतः ज्या शब्दांना पुराणांचा, वेदान्ताचा, पूजाविधीचा रंग आहे ते शब्द त्यांना नको होते. आधीच्या भाषांतरांवर त्यांचा आक्षेपच हा होता: एक तर ती अवघड आहेत, आणि दुसरं, त्यांतले शब्द वाचकाला नकळत मागे ओढतात.

असं काय झालं मधल्या काळात? केडगाव झालं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, मग 1900 मध्ये गुजरातेतून, शेकडो मुली आणि विधवा त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. यातल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. जी मराठी त्या तिथे येऊन शिकल्या, ती स्वयंपाकघरातली, शेतातली, विहिरीवरची. त्यांच्यासाठी 'स्त्रीधर्मनीति'ची भाषा काय कामाची? अनंतशास्त्र्यांनी संस्कृतचं दार एका स्त्रीला उघडून दिलं, तिने ते आपल्या मुलीला. त्या मुलीसमोर आता दोन हजार जणी बसल्या होत्या आणि त्या दारातून एवढ्या जणी जाणं शक्य नव्हतं.

त्यांनी हिब्रूही शिकून घेतली, मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं, सदनातच छापखाना काढला. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी ही कामं तिथल्याच मुली करत. भाषांतराचं काम वर्षानुवर्षं चाललं. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी ते थांबलं नाही. मृत्यूआधी शेवटची मुद्रितं तपासून हातावेगळी झाली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं. सगळं बायबल एकट्या स्त्रीने भाषांतरित केल्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण, असं कधीकधी सांगतात. ते खरं नाही. अमेरिकेत कनेटिकटच्या जूलिया स्मिथ यांचं भाषांतर 1876 मध्येच छापलं गेलं होतं. पण त्या आपल्या मातृभाषेत, ग्रंथांनी भरलेल्या घरात बसून लिहीत होत्या. रमाबाईंना कोशापासून छापखान्यापर्यंत सगळंच उभं करावं लागलं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. स्टीफन्स आणि रमाबाई यांच्यात आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांच्या अधिक जवळ कोण? शब्द घेण्याच्या बाबतीत स्टीफन्स. त्याने त्यांच्यासारखेच परधर्मातले शब्द उचलले आणि त्यांत नवा अर्थ भरला. भाषेच्या पातळीच्या बाबतीत रमाबाई. त्यांनी पंडितांची भाषा सोडून पावत्यांची, पत्रांची, बाजाराची भाषा घेतली. ऑगस्टीनला जे पटायला अर्धं आयुष्य लागलं, ते त्यांनी कृतीत आणलं. आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमल्या नाहीत, याचं कारण माझ्या मते असं: ज्याला वैकुंठात काय काय आहे हे ठाऊक नाही, तो तो शब्द सहज वापरतो. रमाबाई तर त्या पुराणांवरच वाढल्या होत्या, पोट भरायला त्यांनी ती देवळादेवळांत सांगितली होती. आत काय आहे ते माहीत असल्यामुळे त्यांना तो शब्द रिकामा करता येणार नव्हता.

यात तोटाही झाला, तो लपवायचं कारण नाही. भाषा म्हणजे काही तांदूळ नव्हे, खडे वेचून बाजूला ठेवायला. 'पश्चात्ताप' हा शब्द घ्या. ग्रीकमध्ये 'मेटानोइया', म्हणजे मन बदलणं, विचार फिरणं. जेरोमच्या लॅटिनने त्याचं 'प्रायश्चित्त करा' असं केलं आणि त्यातून कबुलीजबाब, दंड, सगळी व्यवस्था चर्चला जोडता आली. लॉरेन्झो वाल्ला आणि मग ल्यूथर यांनी त्यावर बोट ठेवलं. मराठी 'पश्चात्ताप'मध्ये मागाहून येणारा ताप आहे, जळणं आहे, आणि ते जळणं ग्रीकमध्ये नाही. पण तो काढून कुठला साधा शब्द ठेवणार? 'मन फिरवणं' म्हटलं तर मूळ अर्थ जवळ येतो, पण शब्दातली धग जाते.

उलट कधी परका शब्दच उपयोगी पडतो. 'करार' बघा. जुना करार, नवा करार. हा शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला, कचेरीतला, स्टँपपेपरवरचा. कन्नडमध्ये इथे 'ओडंबडिके' हा अस्सल देशी शब्द आहे, तोही संमतीचा, कराराचाच. हिब्रूत 'बरीथ'. इसवी सनापूर्वी अलेक्झांड्रियाच्या यहुदी पंडितांनी ग्रीक करताना त्यासाठी 'दियाथेके' शब्द निवडला, ज्याचा रोजचा अर्थ मृत्युपत्र! दोन बरोबरीच्या पक्षांचा करार त्यांना म्हणायचा नव्हता, एका बाजूने दिलेलं वचन म्हणायचं होतं. मग 'इब्री लोकांस पत्र' लिहिणारा या दुहेरी अर्थावर आपली अख्खी युक्ती उभारतो: करार लागू व्हायला करणाऱ्याचा मृत्यू व्हावा लागतो, जसं मृत्युपत्राचं असतं. ग्रीकमध्ये एकाच शब्दावर हे सरळ चालतं. मराठीत भाषांतरकार नवव्या अध्यायात येतो आणि अडतो. 'करार' म्हणत म्हणत त्याला मधेच 'मृत्युपत्र' आणावं लागतं, आणि वाचकाला वाटतं लेखकाने विषय का बदलला. त्याने बदललेला नसतो.

रमाबाईंचं बायबल मराठी चर्चमध्ये रुळलं नाही. रविवारी वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं. ते समित्यांनी केलेलं आहे, वेळोवेळी सुधारलेलं आहे, आणि 'मंडळी'ही त्यातूनच कानावर बसली. त्या नगरच्या बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांच्या घरी आजीच्या वेळचं जाडजूड बायबल आहे, पहिलं पान फाटलेलं, त्यामुळे कोणाचं ते कळत नाही. पुढच्या आठवड्यात ते घेऊन बसायचं आम्ही ठरवलं आहे. केडगावचं निघालं, तर त्यावर एक वेगळा भाग करीन. नाहीतर ठरल्याप्रमाणे पुढच्या वेळी 'क्रिस्तपुराणा'ची 1907 ची मंगळूर आवृत्ती, आणि जे. एल. साल्ढाणा यांनी ती कशी तयार केली ते.